एक रुपया कोणी खाल्ला? : जुना कोड नव्या भाषेत नेताना आकड्यांचं काय होतं

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना घेतलेले उसासे आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच आहे, फक्त वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलंय.)

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आज सुरुवातीलाच एक काका माझ्यावर ओरडणार आहेत.

गोष्ट आमच्या अनसिंगची. वाशिमवरून पुसदकडे जाताना लागतं ते अनसिंग. मी नोकरी पुण्यात करतो, पण सोयाबीनच्या हंगामात घरी चक्कर असतेच. तर अशाच एका चकरेत ओळखीच्या अडत दुकानातल्या काकांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे एक जुनाट कॉम्प्युटर. त्यावर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला प्रोग्राम. शेतकऱ्याचं नाव, माल, वजन, भाव टाकायचा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कर्रकर्र करत हिशोबपट्टी निघायची. वर्षानुवर्षं काहीही तक्रार नाही. पण आता मशीनच शेवटच्या घटका मोजत होतं.

काका म्हणाले, "तू एवढा बीटेक झाला, तर हे नव्या लॅपटॉपवर करून दे ना बाप्पा."

मी म्हटलं, दोन शनिवार-रविवारचं काम आहे. फॉक्सप्रोमधला कोड पायथॉनमध्ये लिहायचा, एवढंच. आणि खरंच, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पट्टी निघाली. लेझर प्रिंटरवर, स्वच्छ, मराठीत. चहा झाला, पोहे झाले, मी पुण्याला परत.

चार दिवसांनी फोन. "काऊन रे, माह्या पट्टीवर हे काय छापून राहिलं? आकड्यात बावीस अन् अक्षरात तेवीस?"

झालं असं होतं. एका शेतकऱ्याचं सोयाबीन १२ क्विंटल ३५ किलो. भाव क्विंटलला ४,३५० रुपये. गुणाकार करा : ५३,७२२ रुपये ५० पैसे. दुकानाचा नियम जुनाच, पैसे जवळच्या रुपयात करायचे. पट्टीवर आकड्यात छापलं होतं ५३,७२२. आणि त्याच्याच खाली, 'अक्षरी रुपये' या ओळीत : त्रेपन्न हजार सातशे तेवीस फक्त.

एकाच कागदावर दोन रकमा. शेतकरी पट्टी हातात धरून विचारतोय, "माहा एक रुपया कोणी खाल्ला?" बरं, प्रश्न एका रुपयाचा नव्हताच. पट्टीवर दोन वेगळे आकडे दिसले की माणसाला वाटतं, मग वजनात काय केलं असेल? भावात काय केलं असेल? दुकान चालतं ते या भरवशावर, आणि तो माझ्या कोडमुळे हलला होता.

आजचा भाग या एका रुपयाबद्दल आहे. म्हणजे, एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेताना 'आकड्याचा मजकूर करणारं' फंक्शन जेव्हा नव्या भाषेत मिळत नाही, किंवा त्याच नावाचं मिळतं पण वेगळंच वागतं, तेव्हा काय करायचं.

आधी एक साधी गोष्ट : आकडा वेगळा, आकड्याचा मजकूर वेगळा

कॉम्प्युटरच्या मेमरीत आकडा असतो तो फक्त किंमत म्हणून. त्याला स्वल्पविराम नसतो, रुपयाचं चिन्ह नसतं, मागची शून्यं नसतात. तुम्ही तो स्क्रीनवर दाखवता किंवा कागदावर छापता, तेव्हा त्याचा मजकूर करावा लागतो. आणि मजकूर करताना कोणीतरी निर्णय घेतं. दशांश किती दाखवायचे? अर्धा आला तर वर न्यायचा की खाली? जागा उरली तर रिकामी कुठे सोडायची?

हे निर्णय तुम्ही घेतले नाहीत, तर भाषा घेते. आणि प्रत्येक भाषा वेगळे घेते. मुळात सगळी भानगड इथेच आहे.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांसाठी सगळ्यात सोपं उदाहरण सातबाऱ्याचं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. १.२० म्हणजे एक हेक्टर वीस आर. आता हा आकडा म्हणून पायथॉनला द्या आणि मजकूर मागा. तो देईल १.२. गणिताच्या दृष्टीने बरोबर आहे, १.२० आणि १.२ एकच. पण कागद वाचणारा माणूस हेक्टर आणि आर असे दोन वेगळे भाग वाचतो. तो म्हणेल, एक हेक्टर दोन आर. अठरा आर जमीन एका शून्याबरोबर गेली! किंमत तीच होती, मजकूर चुकला.

काकांच्या पट्टीत नेमकं काय झालं

फॉक्सप्रोमध्ये आकड्याचा मजकूर करायला एक फंक्शन आहे, एस-टी-आर, आपण त्याला 'स्टर' म्हणू. पायथॉनमध्येही अगदी याच नावाचं फंक्शन आहे. मी काय केलं असेल ओळखा. बरोबर. शोधा आणि बदला. नाव सारखं, मग काम सारखंच असणार!

नाही ना. फॉक्सप्रोच्या स्टरला तीन गोष्टी देता येतात : आकडा, एकूण रुंदी आणि दशांश स्थळं. रुंदी दिली नाही तर तो १० धरतो. दशांश दिले नाहीत तर शून्य धरतो, म्हणजे जवळच्या पूर्णांकात आणतो. आकडा लहान असेल तर डावीकडे रिकाम्या जागा सोडतो, म्हणजे छापताना आकडे आपोआप उजवीकडे एका रेषेत बसतात. आणि आकडा दिलेल्या रुंदीत मावत नसेल तर चक्क चांदण्या छापतो.

पायथॉनचा स्टर यातलं काहीच करत नाही. रुंदी नाही, जवळच्या रुपयात आणणं नाही. दिला तो आकडा, घ्या मजकूर : ५३७२२.५.

पहिल्याच छपाईत हे दिसलं, म्हणून मी दुसरा उपाय केला. पायथॉनमध्ये आकडा छापताना 'शून्य दशांश' असं सांगता येतं. ते सांगितलं. पूर्णांक छापला गेला. मी खूश.

इथेच तो रुपया गेला. बरोबर अर्धा आला की पायथॉन तो जवळच्या सम आकड्याकडे नेतो. ०.५ चा ०, १.५ चा २, २.५ चाही २, ३.५ चा ४. हे चुकीचं नाही हं. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. कारण असं, की हजारो आकडे असतील आणि प्रत्येक अर्धा वरच नेला तर बेरीज थोडी थोडी फुगत जाते. अर्धे वर, अर्धे खाली गेले तर फुगवटा कमी होतो. पण शाळेत आपण शिकलो ते वेगळं, अर्धा आला की वर. फॉक्सप्रोचा स्टरही तसाच करायचा, आणि काकांचं दुकानही तसंच करतं.

५३,७२२.५० चा जवळचा सम आकडा ५३,७२२. म्हणून आकड्यात बावीस.

मग अक्षरात तेवीस कसं? कारण 'अक्षरी' करणारा भाग मी जुन्या कोडमधून जसाच्या तसा आणला होता. त्यात जुन्या प्रोग्रामरने आधी अर्धा मिळवून मग दशांश कापून टाकला होता. ५३,७२२.५ अधिक ०.५ म्हणजे ५३,७२३. म्हणून तेवीस.

या चुकीतली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? ती रोज दिसत नाही. रकमेत बरोबर पन्नास पैसे यायला हवेत, आणि तेही सम रुपयानंतर. ५३,७२१.५० आली असती तर दोन्हीकडे बावीसच छापलं असतं आणि कोणालाच कळलं नसतं. मी घरी बसून पाच-सहा पट्ट्या तपासल्या होत्या. सगळ्या बरोबर आल्या होत्या.

आता म्हणाल, एका रुपयासाठी एवढं? अक्षरी रक्कम आपल्याकडे शोभेसाठी लिहीत नाहीत. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, म्हणजे चेक आणि वचनचिठ्ठीचा कायदा, त्याच्या कलम १८ मध्ये सरळ म्हटलंय की आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम वेगळी असेल तर अक्षरातली धरायची. पट्टी म्हणजे चेक नाही, मान्य. पण उद्या हाच कोड कोणी चेक छापायला वापरला, तर? आकड्यात एक शून्य जास्त पडू शकतं, अक्षरात तेवढं सहज पडत नाही. म्हणून लोक अक्षराला मान देतात. त्या ओळीत चूक म्हणजे मुळावरच घाव.

हे फक्त फॉक्सप्रोचं दुखणं नाही

फॉक्सप्रो जुनं झालं म्हणून असं झालं, असं वाटू देऊ नका. मायक्रोसॉफ्टची शेवटची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, २००४ मध्ये आली आणि तिचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये संपला, हे खरं. पण ही गंमत सगळीकडे आहे. पटापट काही नमुने सांगतो, इंजिनिअरिंगवाल्यांना ओळखीचे वाटतील.

एक, टर्बो सी. आपल्याकडे कितीतरी जणांनी पहिला प्रोग्राम त्या निळ्या स्क्रीनवर लिहिला. तिथे आकड्याचा मजकूर करायला 'आय-टू-ए' नावाचं फंक्शन होतं. तोच प्रोग्राम लिनक्सवर जीसीसीमध्ये टाकला की एरर. कारण ते फंक्शन सी भाषेच्या प्रमाणात कधी नव्हतंच, काही कंपन्यांनी आपापलं दिलं होतं. तिथे 'एस-एन-प्रिंट-एफ' वापरायचं, ते प्रमाणात आहे. ही चूक मला आवडते, कारण ती ओरडून सांगते. प्रोग्राम चालतच नाही. खरी भीती चालणाऱ्या चुकीची.

दोन, व्हिज्युअल बेसिक. तिथल्या स्टर फंक्शनला धन आकडा दिला तर तो आधी एक रिकामी जागा सोडतो, वजा चिन्हासाठी राखीव. दुसऱ्या भाषेत गेलात की ती जागा नाहीशी होते, आणि तुमचा कोड 'पहिलं अक्षर सोडून दे' असं करत असेल तर पहिला अंकच उडतो. ५३,७२३ चे ३,७२३!

तीन, जावास्क्रिप्ट. ब्राउझरमध्ये ५३७२२.५ ला शून्य दशांशात आणायला 'टू-फिक्स्ड' वापरलं तर उत्तर येतं ५३७२३. म्हणजे मी काकांच्या गिऱ्हाइकांसाठी मोबाइलवर पट्टी दाखवायचं पान केलं असतं, तर मोबाइलवर तेवीस आणि कागदावर बावीस. एकच दुकान, एकच माल, दोन भाषा, दोन उत्तरं.

चार, आपला लाख. आपण लिहितो १२,३४,५६७. जगातले बरेच लोक तीन-तीन अंकांनी तोडतात. पायथॉनमध्ये स्वल्पविराम मागितला की तो तीन-तीननेच तोडतो. जावाच्या नेहमीच्या डेसिमल-फॉरमॅटला तुम्ही लाखाचा नमुना दिला तरी तो फक्त शेवटचा गट बघतो, बाकीचे स्वल्पविराम दुर्लक्षित. नमुना स्वीकारतो, एरर देत नाही, आणि छापतो आपल्याच मनाचं.

पाच, देवनागरी अंक. जावास्क्रिप्टला 'मराठी, भारत' असं सांगून आकडा मागितला तर तो आपणहून देवनागरी अंकात आणि लाखाच्या स्वल्पविरामासह देतो. छान वाटतं. पण तोच मजकूर परत आकडा करायला गेलात तर जावास्क्रिप्ट म्हणतो, हा आकडाच नाही. पायथॉनला मात्र '५३' हा देवनागरी मजकूर दिला तर तो गुपचूप त्रेपन्न समजतो. जाणं आणि येणं, दोन्ही वाटा तपासाव्या लागतात.

आणि सहा, हे मला छापताना कळलं. पायथॉनला सांगितलं की मालाचं नाव १५ अक्षरांच्या जागेत बसव. 'सोयाबीन' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो : सो, या, बी, न. कॉम्प्युटर काना, ओकार, वेलांटी वेगळी मोजतो, त्याच्या लेखी ते सात. 'तूर' आपल्याला दोन, त्याला तीन. परिणाम? तूर, हरभरा, सोयाबीन एकाखाली एक छापले की पुढचे आकडे नाचतात. यावर उपाय रिकाम्या जागा मोजणं नाही, सरळ रकाने असलेलं टेबल करणं.

मग करायचं काय? माझी चार पायऱ्यांची पद्धत

पहिली पायरी. नवीन भाषेत त्या नावाचं फंक्शन शोधू नका. आधी जुनं फंक्शन काय काय करतं ते कागदावर लिहा. मी आठ प्रश्न लिहिले : रुंदी किती? रिकामी जागा डावीकडे की उजवीकडे? दशांश किती? अर्धा आला तर कुठे? वजा आकडा कसा? शून्य कसं? आकडा मावला नाही तर? स्वल्पविराम कुठे? प्रत्येकाचं उत्तर जुन्या प्रोग्राममधून काढायचं, आठवणीतून नाही.

दुसरी पायरी. नव्या भाषेत एक स्वतःचं छोटं फंक्शन लिहा, जे ही आठही उत्तरं पाळेल. याला मी दुभाषा म्हणतो. आणि सगळ्या प्रोग्रामने आकडा छापायला फक्त या दुभाष्याकडेच जायचं. माझी खरी चूक इथे होती. आकड्यांची ओळ एका रस्त्याने गेली, अक्षरांची दुसऱ्या. रुपयात आणायचं काम एकाच ठिकाणी, एकदाच व्हायला हवं होतं. आता आधी रक्कम ठरते, मग तीच रक्कम दोन्ही ओळींना जाते.

चांदण्यांचं काय केलं? ठेवल्या. सुरुवातीला मला ते जुनाट वाटलं होतं. पण विचार करा, रक्कम मावत नसेल तर अर्धवट आकडा छापण्यापेक्षा चांदण्या बऱ्या. चांदण्या बघून माणूस थांबतो, विचारतो.

तिसरी पायरी. पैशाचा हिशोब दशांशात ठेवू नका. कॉम्प्युटर दशांश आकडे आतून दोनच्या पटीत साठवतो, त्यामुळे १२.३५ सारखा साधा आकडाही त्याच्याकडे किंचित कमी-जास्त असतो. इथे एक झकास युक्ती सापडली. १२ क्विंटल ३५ किलो म्हणजे १,२३५ किलो. भाव क्विंटलला ४,३५० रुपये. १,२३५ गुणिले ४,३५० केलं तर येतात ५३,७२,२५०. आणि हे थेट पैसे आहेत! कारण क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे. कुठेही दशांश नाही. मग रुपये काढायला यात ५० मिळवायचे आणि १०० ने भागून बाकी सोडून द्यायची. ५३,७२३. अर्धा आला की वर, दरवेळी, कुठल्याही भाषेत. ही पद्धत पायथॉनमध्ये चालते, जावामध्ये चालते, मोबाइलवर चालते. दशांशच वापरायचे असतील तर पायथॉनचं 'डेसिमल' मॉड्यूल वापरा आणि 'अर्धा वर' हा नियम त्याला स्पष्ट सांगा. फक्त त्याला आकडा मजकूर म्हणून द्या. आधीच बिघडलेला दशांश दिलात तर तो बिघाडही तो इमानदारीने जपतो.

चौथी पायरी. जुन्या प्रोग्रामलाच साक्षीदार करा. मशीन अजून जिवंत होतं, म्हणून मी त्यावर मुद्दाम अडचणीचे आकडे चालवले : ०, ०.५, १.५, २.५, वजा ०.४, ९९.९९५, ९९,९९९, १,००,०००, आणि रुंदीत न मावणारा एक मोठा आकडा. जुन्याने काय छापलं ते फाइलमध्ये ठेवलं. मग नव्याला तेच आकडे दिले आणि दोन्ही फाइली ताडून बघितल्या. वजा ०.४ ला पायथॉन 'वजा शून्य' छापतो, हे मला असंच कळलं. पट्टीवर 'वजा शून्य रुपये' आलं असतं तर काकांनी मला गावात फिरू दिलं नसतं.

आजकाल आपण सगळेच एआयला म्हणतो, हा कोड त्या भाषेत करून दे. मीही करतो. तो बऱ्यापैकी करूनही देतो. पण तुमचं दुकान अर्धा रुपया वर नेतं की खाली, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार? आठ प्रश्नांचा कागद आणि साक्षीदार फाइल, ही दोन्ही कामं तेव्हाही आपलीच.

आता खरी परीक्षा : अक्षरी रुपये

आकड्यांचं जमलं. मग अक्षरं. जुन्या प्रोग्राममध्ये शब्दांचा तक्ता होता, पण तो युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टमध्ये 'क' दिसायचा, पण फाइलमध्ये असायचं इंग्रजी कळफलकावरचं एखादं चिन्ह. फॉन्ट नसला की सगळी अगम्य अक्षरं. म्हणजे तक्ता परत टाइप करणं आलं.

इंग्रजीत हे काम सोपं आहे. शून्य ते एकोणीस हे वीस शब्द, आणि वीस, तीस ते नव्वदपर्यंतचे आठ. अठ्ठावीस शब्दांत नव्व्याण्णवपर्यंत पोचता, बाकीचे जोडून होतात. मराठीत? त्रेपन्नमध्ये 'तीन' कुठे आणि 'पन्नास' कुठे, शोधून दाखवा. नियम लावायला गेलात की फसता. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... एकोणनव्वदपर्यंत नियम चालतो, आणि नव्व्याण्णवला मोडतो. 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाही. म्हणून सरळ शून्य ते नव्व्याण्णव, शंभर शब्दांचा तक्ता.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ च्या जूनमध्ये यावरूनच महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या सोबत 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन दिलं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. विरोध करणारे म्हणाले, भाषा बिघडेल. तेव्हा मी त्यावरचे मीम फॉरवर्ड केले होते. हा तक्ता टाइप करायला बसलो तेव्हा त्या दुसरीतल्या पोरांची अडचण मला पहिल्यांदा कळली. कॉम्प्युटरलाही 'वीस एक' सोपं. पण काकांच्या पट्टीवर 'पन्नास तीन हजार' चालणार नाही, तेही तितकंच खरं.

तक्ता झाला की पुढचं सरळ आहे. रक्कम घ्या, कोटीने भागा, उरलेलं लाखाने, मग हजाराने, मग शंभराने. ५३,७२३ : कोटी नाहीत, लाख नाहीत, हजार ५३, शेकडे ७, उरले २३. तक्त्यातून शब्द : त्रेपन्न हजार, सातशे, तेवीस. जिथे शून्य आलं तो भाग गाळायचा. दोन खाचखळगे लक्षात ठेवा. बरोबर शंभर असेल तर 'शंभर', पण १०५ असेल तर 'एकशे पाच'. आणि सगळीच रक्कम शून्य असेल तर सगळे भाग गाळून ओळ रिकामी राहते, तिथे 'शून्य' मुद्दाम लिहावं लागतं.

तक्ता तपासायला मी गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत वाचलं आणि ६९ वर थांबले. मी तिथे लिहिलं होतं 'एकोणसाठ'. गुरुजी म्हणाले, "बाबू, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. हे एकोणसत्तर हाय." दहा हजारांची चूक झाली असती, ६९ हजारांच्या पट्टीवर.

घरी येऊन मी एक तपासणी टाकली : तक्त्यातले शंभरही शब्द एकमेकांपासून वेगळे आहेत का? ५९ आणि ६९ दोन्हीकडे एकोणसाठ होतं, त्यामुळे ही चूक मशीनलाही सापडली असती. पण त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशीची अदलाबदल झाली असती, तर शब्द वेगवेगळेच राहिले असते आणि तपासणी पास झाली असती. ती फक्त गुरुजींनाच सापडली असती. म्हणून दोन्ही हवं. तक्ता माणसाने वाचायचा, आणि मशीननेही तपासायचा.

शेवटी

दुरुस्त पट्टी घेऊन मी स्वतः अनसिंगला गेलो. काकांनी त्या शेतकऱ्याला बोलावून नवी पट्टी दिली आणि वरचा एक रुपया हातात ठेवला. त्याने रुपया खिशात टाकला, पट्टी उलटसुलट बघितली, आकडा वाचला, मग अक्षरं वाचली. "आता जमलं," म्हणाला आणि गेला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "जुनं मशीन फेकू नको लगेच. तुह्या नव्याचा भरवसा यायले दोन हंगाम लागतीन." मीही नाही फेकलं. ते अजून कोपऱ्यात आहे, साक्षीदार म्हणून.

जाता जाता एक काम देतो. तुमच्याकडे एखादी एक्सेल फाइल असेल ज्यात बँकेचे खाते क्रमांक आहेत, ती उघडा. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांची शून्यं शाबूत आहेत का बघा. आणि सोळा अंकी क्रमांक असतील तर शेवटचा अंक शून्य झालाय का तेही बघा, कारण एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपतो. खाते क्रमांकाची कोणी बेरीज करत नाही. तो आकडा नाहीच, मजकूर आहे. त्याला पहिल्यापासून मजकूर म्हणूनच ठेवा.

चला राजेहो, भेटू पुढच्या भागात. तोवर पट्टी वाचून घ्या, आकड्यातही आणि अक्षरातही.